दोनशे एक्कावन्नावा शब्द

१

कान तपासणाऱ्या दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवणारी ती कंपनी एका चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत होती. एका खोलीत साहेब, दुसरीत दोन प्रोग्रामर आणि आवाज रेकॉर्ड करणारा एक अबोल माणूस, आणि तिसरीत, पाण्याच्या पिंपाशेजारी, ती. बाकीच्यांचं काम संपलं की तिचं सुरू व्हायचं. मूळ प्रोग्राम, चित्रं, अक्षरांचे साचे, तपासणीचे आवाज, अशा मिळून तीनशे अठरा फाईली तिच्यापुढे येऊन पडायच्या. त्यांचा तिला एकच गठ्ठा बांधायचा असे. आणि तोही असा, की पलीकडच्या माणसानं त्यावर दोनदा टिचकी मारली की तो आपला आपण सुटावा, कुठे बसवायचं एवढंच विचारावं आणि सगळ्या फाईली जागच्या जागी जाऊन बसाव्यात. दवाखान्यातली माणसं कॉम्प्युटरला बिचकून असत. एकाऐवजी दोन फाईली पाठवल्या तरी त्यांचे फोन यायचे.

नात्यात हे काम कोणालाच कधी नीट कळलं नाही. नणंदेला अजून वाटायचं की वहिनी कारखान्यात खोकी भरते. ऑफिसातही तिला ‘पॅकिंगताई’च म्हणत. आधीआधी तिला ते लागायचं, मग अंगवळणी पडलं.

तिची एक सवय होती. गठ्ठा बांधून झाला की तो कोपऱ्यातल्या कोऱ्या कॉम्प्युटरवर सोडायचा, सुटलेल्या फाईली मोजायच्या, आणि वहीत तारीख घालून लिहायचं : ३१८, बरोबरची खूण. सहा वर्षांत ती खूण एकदाही चुकली नव्हती.

त्या मंगळवारी आकडा आला तीनशे एकोणीस.

२

तिनं पुन्हा मोजलं. मूळ फोल्डरमध्ये तीनशे अठरा, सुटलेल्या गठ्ठ्यात तीनशे एकोणीस. पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. एकोणीस. तिनं बांधायचं साधन बदललं, दाबून बसवायची पद्धत बदलली, कोरा कॉम्प्युटर पुसून आणखी कोरा केला. दुपारचं जेवण तसंच राहिलं. एकोणीस.

जास्तीची फाईल शोधायला वेळ लागला नाही. ती ‘शब्द’ नावाच्या फोल्डरमध्ये होती. रोग्याच्या कानाला हेडफोन लावून एकेक शब्द ऐकवायचा, खिडकी, दोरी, पाऊल, असे, आणि त्यानं तो परत म्हणून दाखवायचा, अशी एक तपासणी असते. त्या तपासणीसाठी असे अडीचशे शब्द रेकॉर्ड करून ठेवलेले होते आणि त्यांना एकपासून अडीचशेपर्यंत आकडे दिलेले होते. आता त्यांच्याखाली ओळीत, अगदी शिस्तीत, २५१ होता.

तिनं तो लावला. चार सेकंद काहीच नाही. आवाज वाढवला, हेडफोन घातला, श्वास धरून ऐकलं. काहीच नाही. ती फाईल घेऊन रेकॉर्डिंगवाल्याकडे गेली. त्यानं पडद्यावर आवाजाची रेघ काढून दाखवली. रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ होती.

“मी केलेली नाही,” तो म्हणाला. एवढं बोलून तो पुन्हा आपल्या कामाला लागला.

थोरला प्रोग्रामर ऐकताऐकता हसला. मोजताना हात चुकला असेल, त्यानं सुचवलं. तिनं त्याला ओढत नेऊन दाखवलं. तेव्हा त्यानं मान खाजवली, दहा मिनिटं तिच्या खुर्चीत बसून तीच बटणं दाबली जी तिनं सकाळपासून दाबली होती, आणि उठताना म्हणाला की साधनातच काहीतरी खोट आहे, तू बघ. तू बघ! सहा वर्षं हेच चाललं होतं. लिहिणारे ते, वाहवा त्यांची, आणि निस्तरायला ही.

शेवटी तिनं गठ्ठ्यातच एक हुकूम घालून ठेवला, की सुटल्या सुटल्या ती फाईल काढून टाक. ते लागू पडलं. अठरा. तिला इतकं हायसं वाटलं की तिनं चहा करून घेतला. चहा पिऊन होईतो कोरा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, तर एकोणीस.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते फोनवर होते. फोनवर हात धरून त्यांनी विचारलं की त्या फाईलीनं काही अडतंय का. अडत नाही, ती म्हणाली, पण ती येते कुठून हे कळत नाही. “मग पाठवून दे. एका मुक्या फाईलीसाठी चाळीस दवाखाने खोळंबून ठेवू का मी?”

तिनं पाठवून दिलं. वहीत मात्र खूण केली नाही.

३

आठ दिवसांनी एका दवाखान्यातून फोन आला. तिथल्या कान तपासणाऱ्या बाई तिच्या ओळखीच्या होत्या, म्हणजे फोनवरच्या. नेमक्या बोलणाऱ्या, उगाच फोन न करणाऱ्या.

नव्या प्रोग्राममध्ये शब्दांची यादी संपल्यावरही तपासणी संपत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तिनं माफी मागितली. फोल्डरमध्ये असतील तेवढ्या सगळ्या फाईली प्रोग्राम ओळीनं वाजवतो, शेवटी एक रिकामी फाईल राहून गेली आहे, चार सेकंद थांबायचं, तिनं समजावून सांगितलं.

“चार सेकंदांचं नाही हो,” बाई म्हणाल्या. “माझे रोगी बोलत राहतात.”

ज्यांना थोडंफार ऐकू येतं ते शेवटच्या शब्दानंतर गप्प बसतात आणि हेडफोन काढतात. पण ज्यांना काहीच ऐकू येत नाही, अडीचशेच्या अडीचशे शब्दांना जे नुसते बघत बसतात, ते शेवटाला पोचले की उत्तरं द्यायला लागतात. आणि शब्द नव्हेत, वाक्यंच्या वाक्यं. एक म्हातारी म्हणाली, नाही हो, एकटीच असते. पाठोपाठ, दुपारी पडते थोडी. मग हसून, लोटलेलंच असतं मागचं दार. एका माजी मास्तरांनी खोल्या सांगितल्या : दोन, पुढची मोठी. आणखी एकानं नुसतंच, या की, म्हटलं.

तिनं विचारलं की हे लोक एकमेकांच्या ओळखीचे आहेत का. नव्हते. वेगवेगळ्या दिवशी आलेले होते.

फोन ठेवल्यावर तिनं पिंपाचा ठिबकणारा नळ घट्ट बंद केला. मग तिला राग आला. आपल्याच धांदरटपणावर, बाईंवर, त्या म्हातारीवरसुद्धा. बहिऱ्या माणसांना कानात नाद ऐकू येतात, एकटं राहून राहून माणसं आपल्याशीच बोलायला लागतात, त्यात नवल ते काय? हे सगळं पटण्यासारखं होतं. तिनं ते स्वतःला दोनदा पटवलं.

४

तिच्या घरातच एक बहिरा माणूस होता. सासऱ्यांनी तीस वर्षं छापखान्यात मोठ्या यंत्राशेजारी काढली होती आणि निवृत्त होताना कान तिथेच ठेवून आले होते. कानात घालायचं यंत्र आणलेलं होतं, ते कपाटात पडून असे. त्यातून नुसता गोंगाट येतो, त्यांचं म्हणणं. मग घरात एक छोटी पांढरी पाटी आली. जेवायला चला, औषध घेतलं का, लाईट गेलेत, असं त्यावर लिहायचं आणि पुसायचं. नवरा जमीन मोजणीच्या कामावर पंधरा पंधरा दिवस बाहेर, त्यामुळे पाटी बहुधा तिच्याच हातात. नऊ वर्षं. सुरुवातीला ती पाटीवर दिवसभराच्या गमती लिहायची. हळूहळू गमती गेल्या, जेवण आणि औषध राहिलं. ते तिला कळत होतं, आणि कळत असल्यामुळेच ती चिडचिड करायची.

शनिवारी दुपारी तिनं ऑफिसचा लॅपटॉप त्यांच्या खोलीत नेला. बाईंचं म्हणणं खोटं ठरवायचं आणि विषय मिटवायचा, एवढाच तिचा हेतू होता. पाटीवर लिहिलं : बाबा, कानाची तपासणी. हसू नका. ते हसले, आणि हेडफोन घालून घेतला.

तिनं सगळी यादी न लावता थेट २५१ लावला. चार सेकंद. पडद्यावरची रेघ सरळ गेली आणि थांबली. बाबा खिडकीकडे बघत होते. ती हेडफोन काढायला उठली.

“हो, हो,” बाबा म्हणाले. “बोला.”

आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. बहिरे झाल्यापासून ते एक तर ओरडत किंवा पुटपुटत. हा आवाज घरी आलेल्या पाहुण्याशी बोलायचा होता, मऊ, बेताचा. तिनं तो नऊ वर्षांत ऐकला नव्हता.

“तीन,” ते म्हणाले. “एक माझी.” थोडं थांबून, “मुलगा बाहेरगावी असतो. सून आहे. ती सकाळी नऊला जाते.” पुन्हा थांबले. मान तिरकी करून, समोरच्याचं बोलणं पुरतं होऊ देत, ते ऐकत होते. “छे, अडचण कसली!”

लॅपटॉपवर काहीही चालू नव्हतं. तिनं पाहिलं. फाईल केव्हाच संपली होती. तिनं पुढे होऊन हेडफोन ओढून काढला, तशी बाबांनी हात वर केला. “थांब गं. बोलतायत ते.”

तिनं पाटीवर लिहिलं, कोण? अक्षर वेडंवाकडं आलं.

“तुमच्या ऑफिसातले असतील. मला काय माहीत?” ते म्हणाले. “फार अदबीनं बोलतात. कुठे बसू, विचारत होते. म्हटलं माझ्या खोलीत आहे जागा.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी जरा नमतं घेतलं. “अगं, किती दिवसांनी कोणीतरी न ओरडता बोललं माझ्याशी.”

तिनं पाटी पुसली. कोरी झाली, तरी पुसत राहिली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. बाबा बोलतायत ना, मग चांगलंच आहे, तो म्हणाला. तू डोक्याला फार ताप करून घेतेस.

५

सोमवारी ती साहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की पाठवलेला गठ्ठा परत घ्यायचा. गठ्ठा न बांधता नुसत्या फाईली पाठवू, दवाखान्यांना एकेक करून जागेवर ठेवायला सांगू. मोकळ्या फाईलींत तो शब्द नसतो, तो फक्त बांधून सुटल्यावर येतो, हे तिनं पंधरा वेळा पडताळलं होतं. कसं करायचं त्याचा अकरा पायऱ्यांचा कागदही तिनं लिहून आणला होता.

साहेबांनी कागद वाचला नाही. दवाखान्यांना दोन बटणं दाबता येत नाहीत आणि तू त्यांना अकरा पायऱ्या चढायला लावतेस, ते म्हणाले. मागच्या महिन्याचा जुना गठ्ठा आहे ना, तो पाठव आणि मोकळी हो.

हे बरोबर होतं. तिलाच आधी सुचायला हवं होतं. तिनं मागच्या महिन्याचा गठ्ठा कोऱ्या कॉम्प्युटरवर सोडला.

तीनशे एकोणीस.

त्याच्या आधीचा सोडला. मग त्याच्या आधीचा. मग पहिल्या वर्षीचा, जो तिनं अगदी नवखी असताना, घाम पुसत बांधला होता. एकूणएक गठ्ठ्यांत, अडीचशेच्या खाली, शिस्तीत, तो होता. शेजारी वही उघडी होती. ३१८, बरोबरची खूण. ३१८, बरोबरची खूण. तिचंच अक्षर, तिचीच शाई. तेव्हा मोजलं होतं की नव्हतं? की मोजायचा कंटाळा करून नुसत्या खुणा केल्या होत्या? तिला आठवत होतं की मोजलं होतं, पण वहीतल्या पानांकडे बघत राहिल्यावर आठवणीचा भरवसा वाटेना. आणि समजा तो पहिल्यापासूनच तिथे होता, तर सहा वर्षं वाजत का नव्हता? की वाजत होता आणि कोणी फोन केला नव्हता?

तिनं थोरल्या प्रोग्रामरला हाक मारली. तो जेवायला गेला होता. धाकटा कानात गाणी घालून बसला होता. रेकॉर्डिंगवाल्यानं तिच्या पडद्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या सामायिक खोलीचं दार आतून लावून घेतलं.

मग तिनं कोणाला न विचारता चाळीसही दवाखान्यांना पत्र पाठवलं की प्रोग्राम ताबडतोब काढून टाका. नोकरी जाईल, हे तिला माहीत होतं. पत्र गेल्यावर तिनं त्या बाईंना फोन लावला.

बाई थकलेल्या वाटल्या. काढून टाकते, त्या म्हणाल्या, पण आता त्याचा काही उपयोग आहे का, ते मला माहीत नाही. त्या म्हातारीसकट चौघांनी दुसऱ्या तपासणीला यायला नकार दिला होता. गरज नाही म्हणतात, आता ऐकायला येतं.

“येतं का?”

“मी एकीच्या घरी जाऊन तपासलं. होती तेवढीच बहिरी आहे. दार तिनं उघडलं खरं. पण मी बेल वाजवायच्या आधी. आणि मला म्हणाली, आत कोणी आहे, आज नको.”

तिनं घड्याळ पाहिलं. साडेबारा. बाबांनी सांगून टाकलं होतं, ती सकाळी नऊला जाते.

६

बस भरलेली होती आणि प्रत्येक थांब्यावर थांबत होती. तिनं कंडक्टरवर विनाकारण आवाज चढवला आणि मग त्याची माफी मागितली. घराचा जिना चढताना तिच्या लक्षात आलं की लॅपटॉप ऑफिसातच राहिला आहे. म्हणजे घरात ती फाईल नाही, हेडफोन नाही, काहीच नाही. हा विचार तिला धीर देईल असं वाटलं होतं. तो देईना.

किल्लीनं दार उघडून ती आत आली. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. खाली रस्त्यावर कोणी पत्रा कापत होतं, त्याची किरकिर खिडकीतून येत होती. बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून त्यांचा आवाज येत होता, तोच, मऊ आणि बेताचा.

ते एखादं वाक्य बोलत आणि थांबत. शनिवारी ते दोन-तीन क्षण थांबत होते. आता थांबणं लांबलं होतं. त्यांचं बोलणं कमी आणि ऐकणंच जास्त. त्या थांबण्यात तिनं कान लावून पाहिलं. फ्रिज, पत्रा, आणखी काही नाही.

तिनं दार ढकललं.

बाबा पलंगाच्या अगदी कडेला, अंग चोरून बसले होते, बसमध्ये शेजाऱ्याला जागा देताना बसतात तसे. पलंगाचा उरलेला भाग रिकामा होता आणि त्यावरची चादर स्वच्छ ताणून घातलेली होती. फडताळातले त्यांचे कपडे एका बाजूला सरकवलेले होते, अर्धा कप्पा मोकळा. चपलाही. औषधांच्या बाटल्यासुद्धा. खोलीतल्या प्रत्येक गोष्टीनं अर्धी जागा सोडली होती. पाटी टेबलावर उताणी पडलेली होती, पुसलेली.

“बाबा!” ती ओरडली. नऊ वर्षांच्या सवयीनं, जिवाच्या आकांतानं.

बाबांनी वळून पाहिलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. “हळू. त्यांना त्रास होतो मोठ्या आवाजाचा.”

तिनं पुढे होऊन त्यांचा हात धरला. त्यांना उठवून बाहेर न्यायचं, शेजाऱ्यांकडे, रस्त्यावर, कुठेही. हात गरम होता, नेहमीचा होता. बाबा उठले नाहीत. ते तिच्याकडे बघत नव्हतेच. चादरीच्या ताणलेल्या भागाकडे मान तिरकी करून ते ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुनेबद्दल कोणी चांगलं बोललं की येतो तसा आनंद होता.

“हो,” ते म्हणाले. “हीच ती. सगळे गठ्ठे हिनंच बांधले.”

मग बराच वेळ ते ऐकत राहिले. तिला त्यांचा हात सोडता येईना आणि पलंगाकडे बघताही येईना. ती फडताळाच्या रिकाम्या अर्ध्या कप्प्याकडे बघत राहिली.

“विचारतायत,” बाबा म्हणाले, “तुला अजून ऐकू येत नाही का?”

तिला ओरडून सांगायचं होतं की मला सगळं ऐकू येतं, माझे कान धडधाकट आहेत, मला फ्रिज ऐकू येतोय, खाली पत्रा कापतायत तो ऐकू येतोय. तिनं तोंड उघडलं आणि ती थबकली. पत्र्याची किरकिर थांबली होती. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. खाली माणूस पत्रा कापतच होता. ठिणग्या उडत होत्या. फ्रिजचा आवाज नव्हता. तिनं चप्पल फरशीवर आपटली, पायाला झिणझिण्या आल्या, पण आवाज आला नाही. बाबांचे ओठ हलत होते.

आणि त्या शांततेत, तिच्या अगदी शेजारी, कोणीतरी अदबीनं घसा साफ केला.